आधी काटा, मग पाटा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापलीकडे कळंबोलीशी आपला संबंध येत नाही. गाडीने वेग घेतला की ते गाव मागे पडते. सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईचा हा एक भाग. मुंबईच्या चिंचोळ्या गल्ल्यांतला लोखंड-पोलादाचा घाऊक बाजार बाहेर काढायचा, म्हणून इथे मोठी जागा राखली गेली आणि पत्र्याची भेंडोळी, सळई, अँगल, चॅनेल यांचे हे गावच होऊन गेले. शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत, पलीकडे १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेव्याचे बंदर, एका अंगाला पुण्याचा रस्ता, दुसऱ्या अंगाला गोव्याचा. जिथे एवढे लोखंड हलते तिथे ते हलवणाऱ्या गाड्या लागतात, आणि गाड्या आल्या की त्यांचे वैद्यही येतात. टायरवाले, वेल्डिंगवाले, बॅटरीवाले. आणि या सगळ्यांत जड काम करणारे पाटेवाले.

पाटेवाल्याचे दुकान ओळखायला पाटी लागत नाही. धनुष्यासारखे वाकलेले पोलादी पट्टे दारात लहानमोठ्या क्रमाने रचून ठेवलेले असतात. ट्रकच्या चाकांवर चासीचा सगळा भार तोलून धरतात ते हे पाटे. ट्रकबरोबर आता पिकअप गाड्याही या दारात उभ्या दिसतात. काही सळई-पत्रा वाहणाऱ्या, तर काहींच्या हौद्यात क्रेन आणि मागे आकडा. रस्त्यात बंद पडलेल्या मोटारी उचलून ओढत न्यायचे काम या दुसऱ्या प्रकारच्या गाड्या करतात. अशा गाडीचा चालक आणि पाटेवाला यांच्यातला संवाद साधारण ठरलेला असतो.

"मिस्त्री, मोटार अडकवली की गाडी मागून बसते. काय करू या?"

"एक पाटा वाढवू या की भाऊ. घोड्यासारखी उभी राहील."

प्रश्न दोन वाक्यांचा, उत्तर दोन वाक्यांचे आणि काम काही तासांचे. या उत्तरात मात्र एक मोठी गफलत लपलेली आहे. ती पिकअपच्या मालकापुरती असती तर रविवारच्या पानावर तिला जागा द्यायचे कारण नव्हते. पण उद्या रात्री खोपोलीच्या पुढे आपली मोटार बंद पडली आणि बायकापोरांसह आपण रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, तर मदतीला येणारी गाडी बहुधा अशीच एखादी पिकअप असेल. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

पाट्याचे कुळ

पाटा मोटारीपेक्षा जुना. लंडनच्या ओबडाया इलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्याने १८०४ साली घोडागाडीसाठी पोलादी पाट्यांच्या कमानीचे पेटंट घेतले. मुंबईच्या व्हिक्टोरियाला आणि गावोगावच्या टांग्यांना जी कमान असे ती याच घराण्यातली. बैलगाडीला कमान नसते, म्हणून बैलगाडीतला माणूस हाडे मोजत घरी येतो आणि टांग्यातला त्या मानाने सुखात.

पाट्यांच्या जुडग्यात सगळ्यात वरचा आणि सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात आणि त्या डोळ्यांतून तो चासीला जोडलेला असतो. खाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. मधोमध सेंटर बोल्ट आणि सगळ्यांना अ‍ॅक्सलशी आवळून धरणारे यू-बोल्ट. वजन आले की कमान सपाट होते, गेले की पूर्ववत होते. यातले गणित गमतीचे आहे. तेवढ्याच जाडीचा एक पाटा वाढवला तर जुडग्याचा ताठपणा त्या प्रमाणात वाढतो. पण पाट्याची जाडी वाढवली तर ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा घातला की तो पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट ताठ होतो. "थोडा जाड टाक" हे वाक्य म्हणूनच दिसते तेवढे थोडे नाही. जुन्या थकलेल्या पाट्यांत एकच नवा ताठ पाटा घातला तर आपल्या वाट्यापेक्षा जास्त भार तो एकटाच उचलतो, आणि पुढे तुटतोही तोच.

उलाळ

बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. माल चाकांच्या मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, म्हणजे मागे बसते आणि पुढचे जू वर उचलले जाते. बैलांच्या मानेवरचा भार जातो आणि गळ्याच्या जोताला फास बसतो. म्हणून तो पोती अशी लावतो की जुवावर थोडे वजन राहावे. अमेरिकेत पिकअपच्या मागे घरासारखे ट्रेलर ओढणारी कुटुंबे हाच नियम आकड्यात सांगतात. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के वजन त्याच्या दांडीवर यावे, असा तिथला संकेत आहे.

आता आकड्याला मोटार टांगलेल्या पिकअपकडे पाहू. आकडा मागच्या चाकांच्याही मागे असतो. तिथे टांगलेले वजन मागची चाके दाबते, आणि त्याच वेळी पुढची चाके उचलू पाहते. हिशेब शाळेतल्या तरफेचा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि आकडा मागच्या चाकांपासून दीड मीटर मागे आहे, असे धरा. आजच्या बहुतेक लहान मोटारींचे इंजिन पुढे असते आणि चाकेही पुढचीच फिरतात, त्यामुळे उचलावी लागते ती जड बाजू. ती पाचशे किलो भरली, तर पिकअपच्या मागच्या चाकांवर पाचशे नव्हे, साडेसातशे किलो वाढतात. वरचे अडीचशे आले कुठून? पुढच्या चाकांवरून. तिथे आधी नऊशे किलो असतील तर आता साडेसहाशेच उरले. उचललेली गाडी एखादी मोठी एसयूव्ही असेल आणि तिची पुढची बाजू हजार किलोंची असेल, तर मागे दीड हजार वाढतील आणि पुढे नऊशेचे चारशे उरतील. गाडी वळते ती पुढच्या चाकांवर, आणि ब्रेकचे मोठे कामही तीच करतात. त्यांच्यावरचा निम्म्याहून अधिक भार निघून गेला, तर स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही.

संवादातली गफलत इथे आहे. चालकाला दिसते ते मागचे बसणे. पाटा वाढवला की मागचा भाग उचलला जातो आणि गाडी समपातळीत दिसू लागते. पुढच्या चाकांवरून गेलेले पाचशे किलो मात्र परत येत नाहीत. ताप मोजायचा पारा फोडला म्हणून ताप उतरत नाही, तसेच हे.

घरचे वजन आणि पाहुणे वजन

याचा अर्थ पाटे वाढवूच नयेत असा नाही. गाडीच्या ठरलेल्या वजनाच्या आत राहूनही कमान जुनी झाली म्हणून, किंवा क्रेनचे वजन कायम हौद्यात आहे म्हणून मागचा भाग बसू शकतो. तिथे उपाय करायलाच हवा. कोणता करायचा, हे ठरवताना वजनाचे दोन भाग करावेत: घरचे वजन आणि पाहुणे वजन. क्रेन, तिचा पाया, साखळ्या, अवजारांची पेटी हे घरचे वजन. ते रात्रंदिवस गाडीवर असते. टांगलेली मोटार हे पाहुणे वजन. ते येते आणि जाते.

घरच्या वजनाला पाट्यांचे जुडगेच मजबूत हवे. त्यातही एखादा पाटा मध्येच सरकवण्यापेक्षा, त्याच गाडीच्या जास्त क्षमतेच्या प्रकारासाठी कंपनीने बनवलेले पूर्ण जुडगे मिळत असेल तर ते घ्यावे. त्यात पाट्यांचे एकमेकांशी प्रमाण जुळलेले असते. जुडगे उघडले की यू-बोल्ट नवेच घालावेत, ठरलेल्या जोराने आवळावेत आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. बसलेला पाटा ठोकून त्याची कमान उचलून देणारेही असतात. थंड ठोकलेला पाटा लवकरच पुन्हा बसतो, आणि गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवलेल्या पाट्याचे पाणीच उतरते. स्वस्त पडणारा हा उपाय महागात जातो.

पाहुण्या वजनासाठी तीन सोयी आहेत. पहिली, हेल्पर पाटा. हा मुख्य जुडग्याच्या वर असतो आणि मागचा भाग ठराविक मर्यादेपलीकडे बसला तरच कामाला लागतो. गाडी रिकामी असताना तो स्वस्थ असतो, म्हणून रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारत नाही. दुसरी, रबराचे बफर. चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये बसणारा हा पोकळ ठोकळा दबेल तसा कठीण होत जातो. त्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नाही, पण त्याचा जोर कमी-जास्तही करता येत नाही. तिसरी, हवेचे फुगे. शिवनेरीच्या व्होल्वो गाडीत बसलेल्यांनी या हवेचे सुख अनुभवले आहे. पिकअपला ते पाट्यांच्या मदतीला लावतात. वजन आले की हवा भरायची, गेले की ठरलेल्या किमान दाबापर्यंत कमी करायची. तिन्हींत सगळ्यात सोयीचे हेच, आणि सगळ्यात जास्त निगा मागणारेही हेच. नळी गळली, फुगा सायलेन्सरला घासला, एका बाजूची हवा गेली, की भर रस्त्यात गाडी एका अंगावर कलते.

या तिन्हींबरोबर शॉकअपही पाहावेत. पाटा भार तोलतो, पण त्याची उसळी थांबवतो तो शॉकअप. ताठ पाटा आणि थकलेला शॉकअप अशी जोडी जमली, तर रिकाम्या गाडीची मागची चाके खडबडीत वळणावर रस्ता सोडून नाचू लागतात.

एवढे सगळे नीट केले तरी एक गोष्ट शिल्लक उरते. डोक्यावर हंडा घेणारी बाई खाली चुंबळ ठेवते. चुंबळीने हंडा नीट बसतो, टोचत नाही. पण मानेची ताकद काही वाढत नाही. पाटे, बफर, फुगे ही सगळी चुंबळच. वाहण्याची ताकद टायर, रिम, बेअरिंग, अ‍ॅक्सल, चासी आणि ब्रेक या साखळीत असते, आणि साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी. यातला टायर कोणालाही वाचता येतो. त्याच्या कडेवर मापाच्या पुढे भाराचा आकडा छापलेला असतो. ११० हा आकडा असेल तर तो टायर पूर्ण हवेवर १०६० किलो पेलतो. मागे असे दोनच टायर असतील तर २१२० किलोंच्या पुढे जायचे नाही. मग वर पाटे सात असोत की अकरा.

न दिसणारी झडप

बऱ्याच पिकअप गाड्यांच्या पोटाखाली, मागच्या अ‍ॅक्सलजवळ, एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग वर चासीवरच्या लहानशा झडपेकडे गेलेली असते. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गाडी रिकामी आहे की भरलेली, हे ब्रेकला सांगायचे काम ही झडप करते. मागचा भाग वर असेल तर गाडी रिकामी आहे असे ती समजते आणि मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवते, कारण हलकी मागची चाके एकदम जाम झाली तर गाडी गरकन फिरेल. मागचा भाग खाली बसला की वजन आले असे समजून ती पुरा दाब सोडते. म्हणजे चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यातले अंतर हाच तिचा वजनकाटा.

आता पाटा वाढवून किंवा फुगा फुगवून आपण मागचा भाग उचलला. आकड्याला मोटार टांगलेली आहे, मागच्या चाकांवर दीड पट भार आहे. पण झडपेला दिसते की गाडी उंच उभी आहे, अर्थात रिकामी आहे. ती मागचा ब्रेक आवरता घेते. भार जिथे सर्वाधिक तिथला ब्रेक ढिला, आणि जिथला भार निघून गेला त्या पुढच्या चाकांवर ब्रेकचे ओझे. ओल्या रस्त्यावर ती चाके घसरली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. अनेक नव्या गाड्यांत ब्रेकचा दाब वाटण्याचे हे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. पण झडप असलेल्या गाडीचे पाटे बदलले की झडपेची दांडी कंपनीच्या मापाने पुन्हा लावून घ्यायलाच हवी. पाटा बसवणारा आणि ब्रेक पाहणारा ही बहुधा दोन निरनिराळी माणसे असतात. दोघांच्या दुकानांमधल्या दहा पावलांत ही झडप हरवते.

घाटातला हिशेब

कळंबोलीच्या सपाटीवर या चुका खपून जातात. पनवेल सोडले आणि खोपोली मागे टाकली की त्यांची परीक्षा सुरू होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच, खोपोली शंभर मीटरांच्याही खाली. एवढी उंची बोरघाटाच्या थोड्याशा अंतरात चढायची किंवा उतरायची. चढताना भार आणखी मागे सरकतो आणि स्टिअरिंग हलके लागते. उतरताना प्रश्न ब्रेकचा. टांगलेल्या मोटारीचे स्वतःचे ब्रेक त्या वेळी काम करत नसतात, उलट तिचे वजन पिकअपला मागून ढकलत असते. दोन्ही मिळून तीन टन धरले, तर पाचशे मीटर उतरताना सुमारे पंचेचाळीस लिटर पाणी उकळीला आणील एवढी उष्णता निर्माण होते. खालच्या गिअरात उतरले तर तिचा मोठा वाटा इंजिन घेते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकच्या लायनरवर येते. लायनर फार तापले की पकड सोडतात, आणि हे कळते तेव्हा पुढे वळण असते.

कायद्यालाही वाढवलेल्या पाट्याशी देणेघेणे नाही. आरसीवर छापलेले एकूण वजन पाट्याने वाढत नाही. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २० हजार रुपये, आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड सांगितला आहे. त्याच वर्षी जानेवारीत, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. हौद्यात क्रेन बसवायची असेल तर त्या बांधणीला परिवहन खात्याची मान्यता आणि आरसीवर नोंद हवी. अपघातानंतर विम्याचा माणूस पहिल्यांदा तेच कागद मागतो.

काटा सांगेल ते

मग पाटेवाल्याकडे जाण्याआधी काय करावे? कळंबोलीत याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. लोखंडाचा सगळा व्यवहार किलोवर चालतो, त्यामुळे या बाजारात वजनकाट्यांना तोटा नाही. जिथे माल पैपैच्या हिशेबाने तोलला जातो, तिथे तो ओढणारी गाडी मात्र डोळ्यांनी तोलली जाते, हेच नवल.

गाडी काट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके चढवून वजन घ्यावे, मग पूर्ण गाडीचे, मग फक्त मागच्या चाकांचे. हेच तीन आकडे आकड्याला मोटार टांगून पुन्हा घ्यावेत. हे सहा आकडे कागदावर लिहून आरसी, कंपनीची पुस्तिका आणि टायरवरचा आकडा यांच्या शेजारी ठेवले की निर्णय आपोआप होतो. मागचे वजन मर्यादेत आहे, पुढचे फारसे घटलेले नाही आणि तरी गाडी बसते, तर दोष कमानीचा, पाटेवाल्याकडे जावे. घरचे वजनच फार असेल तर क्रेन हलकी करावी किंवा आकडा चाकांच्या जवळ आणता येतो का ते पाहावे. आकडा दीड मीटरऐवजी एक मीटरवर आला, तर पाचशे किलोंच्या मोटारीने पुढची चाके अडीचशेऐवजी सुमारे १६७ किलोंनीच हलकी होतात. यासाठी एकही पाटा लागत नाही. आणि मागचे वजन मर्यादेबाहेर असेल तर त्या कामाला ती गाडीच लहान आहे. तिथे मोठी गाडी हवी, किंवा मोटार टांगण्याऐवजी पूर्णपणे पाठीवर घेणारी सपाट हौद्याची गाडी. पाटेवाल्याचे हात कितीही कसलेले असले, तरी या शेवटच्या दुखण्यावर त्याच्याकडे औषध नाही.

रस्त्यात अडकलेल्या कुटुंबाकडे काटा नसतो. पण डोळे असतात, आणि शिंप्याची टेप असली तर फारच उत्तम. मोटार टांगण्याआधी पिकअपच्या पुढच्या चाकाची मडगार्डपर्यंतची उंची पाहून ठेवावी आणि टांगल्यावर पुन्हा पाहावी. ती नजरेत भरण्याइतकी वाढली, तर मागचा भाग कितीही सरळ दिसो, गाडी उलाळ झाली आहे असे समजावे. मोटार जड असेल तर थोडे थांबून सपाट हौद्याची गाडी मागवावी. आणि काहीही झाले तरी टांगलेल्या मोटारीत माणूस बसवू नये. झोपलेले मूल तर नाहीच नाही. त्याला उठवावे, कडेवर घ्यावे आणि दुसऱ्या गाडीने घरी न्यावे.